दोन बोटं जागा

मागचा डावा टायर घासला.

सिद्धलिंगप्पांनी हातातली बॅटरी विझवली, चाकाच्या कमानीतून डोकं बाहेर काढलं आणि तसं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अडतीस वर्षांत त्यांनी ‘घासणार न्हाय’ म्हणून सांगितलेला टायर पहिल्यांदाच घासला होता, आणि ठरल्याप्रमाणे त्यांची नोकरी गेली होती.

पण अक्कलकोट रोडवरच्या त्या टायरच्या दुकानात असलं काही घडलेलंच नाही. मालकाला विचारा, गिऱ्हाइकाला विचारा, समोरच्या चहावाल्याला विचारा. कुठला टायर, कधी घासला, असं तेच उलट तुम्हाला विचारतील. चार शहाणी माणसं एका गोष्टीवर इतकी ठाम असली की आपण वाद घालू नये. तेव्हा सकाळचे दहा वाजले आहेत आणि कुठलाही टायर कुठंही घासलेला नाही, असंच धरून चालू.

सकाळी दहाला पांढरी मोठी गाडी दुकानासमोर आली, थांबली आणि बसली.

बसली म्हणजे खरोखर बसली. पंगतीत जाडजूड पाहुणा बसतो तशी, आधी मागून आणि मग पुढून, एक सुस्कारा सोडून. सिद्धलिंगप्पा तेव्हा आपल्या ठोकळ्यावर बसून एका टेम्पोचा टायर सोडवत होते. हातातला लोखंडी टॉमी तसाच टायरात अडकवून ते उठले. गुडघे नेहमीप्रमाणे दोनदा वाजले, पण त्यांना ऐकू आले नाहीत.

“ही बसली की,” ते म्हणाले.

गाडीवाल्याचं नाव उदयसिंह. मोडनिंबला फळांचा व्यापार, हायवेलगत शेत. त्याने सांगितलं की या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीतच. चारी चाकांवर रबरी पिशव्या आहेत, त्यांत हवा भरली की गाडी उठते, सोडली की बसते. सिद्धलिंगप्पांनी असल्या गाड्यांबद्दल ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि समोर अडीच टनांची गाडी मांडी घालून बसलेली बघणं वेगळं.

वळसंगहून पहिल्या एसटीनं येऊन त्या दुकानात बसायला लागल्याला त्यांना अडतीस वर्षं झाली होती. बसायला म्हणजे बाभळीच्या ठोकळ्यावर, जमिनीपासून वीतभर उंच. पहिल्या दिवशी आताचा मालक सोमशेखर याच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, तो स्वतः करवतून दिला होता. चाक जिथं असतं तिथं माणसाला जावं लागतं, आणि चाक कायम खालीच असतं. त्यामुळं जीप आली, ट्रॅक्टर आला, एकदा सर्कशीची गाडी आली, कुणीही आलं तरी खाली बसायचं ते सिद्धलिंगप्पांनी. गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, चपला राहत. आणि आज पहिल्यांदा एक गाडी आपण होऊन त्यांच्यासमोर बसली होती.

“परत बसवा की एकदा,” ते उदयसिंहला म्हणाले.

उदयसिंहने बटण दाबलं. गाडी उठली. परत दाबलं. गाडी बसली. चहावाला गॅस बारीक करून आला. शेजारच्या बॅटरीवाल्यानं शटर अर्ध्यावर सोडलं. सिद्धलिंगप्पा मधल्या वेळात गाडीच्या चारी बाजूंनी फिरून आले, कुणाच्या घरी नवी सून बघायला आल्यासारखे. सातव्या वेळी गाडीनं आतल्या पडद्यावर लिहून कळवलं की यंत्र तापलं आहे, कृपया थोडा वेळ थांबा. गाडीला दम लागला म्हटल्यावर चहावाल्यानं सवयीनं एक पाण्याचा ग्लास भरला आणि मग कुणाला द्यावा हे न कळून स्वतःच प्याला.

उदयसिंह काही सर्कस दाखवायला आला नव्हता. त्याला गाडीला एक बोट मोठे टायर बसवून हवे होते. शेताच्या वाटेवर पाइपलाइनचा उंचवटा होता आणि त्यावर गाडीचं पोट घासत होतं. बटणानं गाडी वर उचलता यायची, पण थोडा वेग घेतला की ती आपलीआप खाली यायची. मोठे टायर घातले की कायमची उंची मिळणार होती. मग बसणारी गाडी कशाला घेतली, असं सोमशेखरनं विचारलं, तेव्हा उदयसिंहनं मागचं दार उघडून दाखवलं. आत त्याची आई मुक्ताबाई बसली होती. दोन्ही गुडघे धरलेले. दोन वर्षं तिला कुठल्याच गाडीत चढता आलं नव्हतं, म्हणून ही जुनी पण बसणारी गाडी शोधून घेतली होती. म्हणजे गाडी उंचवट्यासाठी उंच हवी होती आणि आईसाठी बुटकी.

“जमणार नाही,” सोमशेखर म्हणाला. कंपनीच्या पुस्तकात हा साईझ नव्हता. एकोणतिसाव्या वर्षी सोमशेखरला पुस्तकात नसलेल्या गोष्टींची भीती वाटायची, आणि ते वाईट नाही. एवढी उंची वाढवली आणि गाडी पूर्ण खाली बसली, तर टायर आतल्या अस्तराला घासेल. घासत राहिला तर झिजेल, आणि झिजलेला टायर कुठं फुटेल हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

सिद्धलिंगप्पा तोवर चाकापाशी बसलेही होते. त्यांचं माप म्हणजे त्यांची बोटं. गाडीच्या कमानीत बोटं आडवी घालायची, किती मावतात ते बघायचं. त्यांनी उदयसिंहला गाडी पूर्ण बसवायला सांगितली आणि एकेक चाक बघत गेले. पहिलं, दोन बोटं. दुसरं, दोन बोटं. तिसरं, दोन बोटं. चौथ्याला, म्हणजे मागच्या डाव्याला, त्यांनी बोटं घातली आणि तेवढ्यात ‘आता उठवा’ म्हणून ओरडले, कारण गाडी उठताना आतली पिशवी कशी फुगते ते त्यांना जवळून बघायचं होतं. पिशवी फुगली. सिद्धलिंगप्पांचं तोंडही तेवढंच फुललं.

“दोन बोटं जागा हाय,” ते म्हणाले. “एक बोट टायर खाईल, एक बोट उरतंय. घासणार न्हाय.”

आण्णांच्या काळात एवढं वाक्य म्हणजे शेवटचा शब्द होता. सोमशेखर त्यांना बाजूला घेऊन गेला. गेलं वर्षभर तो सिद्धलिंगप्पांना आराम देऊ करत होता. नवं यंत्र येणार होतं, उभं राहून चालवायचं, पडद्याचं. ठोकळ्यावर बसून चालवायचं काही त्यात नव्हतं. साठीच्या माणसाला जा म्हणायची त्याची हिंमत नव्हती, आणि राहा म्हणायचं कारण उरलं नव्हतं.

“काका, घासला तर?”

“तर उद्यापास्नं तुझा आराम घेतो, सोमू.”

हे दोघांनीही सहज म्हटलं आणि दोघांनाही लगेच घाम फुटला.

पहिलं चाक उचलताना घोटाळा झाला. सिद्धलिंगप्पांनी जॅक लावला आणि दांडा हलवू लागले. पण या गाडीला आधी पडद्यावर सांगावं लागतं की बाई, तुला आम्ही उचलतोय, घाबरू नको. ते कुणी सांगितलं नव्हतं. आपला एक कोपरा उगाच वर चाललाय हे गाडीच्या लक्षात आलं आणि तिनं त्या चाकातली हवा सोडायला सुरुवात केली. फुस्स आवाज करत चाक जमीन शोधत खाली येऊ लागलं. सिद्धलिंगप्पा दोन पावलं मागं सरले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीला ‘अवो, अवो’ म्हणाले. मग उदयसिंहनं पडद्यावर परवानगी दिली आणि गाडी शांत झाली.

त्यानंतर ते गाडीशी बोलतच काम करत राहिले. नट सैल करताना “थांब जरा”, चाक काढताना “झालं, झालं”. मराठी कमी पडली की कानडी. मुक्ताबाई दुकानातल्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडं म्हशीशी असंच बोलतात.

चारी टायर चढले. आता परीक्षा.

सिद्धलिंगप्पांची परीक्षेची रीत सोलापुरात प्रसिद्ध होती, पण चुकीच्या कारणानं. टायर कुठं घासतो हे बघायला कमानीच्या आत काहीतरी पांढरं फासायचं, गाडी फिरवून आणायची, आणि पांढरं कुठं पुसलं ते बघायचं. वीस वर्षांपूर्वी एका दिवशी खडू संपला होता, आणि खिशात विभूतीची वडी होती. ओली करून फासली तर ती काळ्या अस्तरावर खडूपेक्षा दसपट चांगली बसली. तेव्हापासून त्यांच्याकडं दोन डब्या असत, एक कपाळाची आणि एक चाकाची. गिऱ्हाइकांना हे कधी कुणी समजावून सांगितलं नाही. त्यांनी फक्त बघितलं की कपाळावर तीन पट्टे ओढलेला एक म्हातारा नव्या टायरजवळ वाकून विभूती लावतो. हळूहळू लोक दुकानात शिरताना चपला काढू लागले. एका टँकरवाल्यानं स्टेपनीलाही लावायला सांगितली. आण्णांनी सगळं पाहिलं आणि कुणालाही दुरुस्त केलं नाही, कारण गर्दी वाढली होती.

आताही सिद्धलिंगप्पांनी चारी कमानींत तळहातानं विभूतीचा एकेक चौकोनी थापा दिला. मुक्ताबाईंनी खुर्चीतूनच हात जोडले.

मग फेरी. उदयसिंहनं त्यांना पुढं बसवलं. सीट खराब होऊ नये म्हणून सिद्धलिंगप्पांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं, आणि बसल्यावर तेच काढून गुडघ्यांवर घेतलं, कारण गुडघे जास्त काळे होते. गाडी होटगी रोडला लागली. स्पीडब्रेकरवरून नेली, खड्ड्यातून नेली, एका मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून आठ फेऱ्या मारल्या. कुठं आवाज नाही, कुठं खरखर नाही. सिद्धलिंगप्पांचे कान टायरांकडं होते, पण डोळे खिडकीबाहेर होते. अडतीस वर्षं त्यांनी हे शहर चपलांच्या बाजूनं पाहिलं होतं. आता ते वरून बघत होते. सोलापुरात एवढी टकलं असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“लई भारी चाललीय,” ते म्हणाले. “जरा त्या तिकडनं घ्या की.”

तिकडनं काहीच नव्हतं. पण उदयसिंहनं तिकडनं घेतली.

परत आल्यावर गाडी दुकानासमोर एकदा पूर्ण खाली बसवली, मोजून दोन मिनिटं ठेवली आणि पुन्हा पूर्ण वर उठवली. तपासायची ती आता. सिद्धलिंगप्पा आतून बॅटरी आणायला गेले. आनंदात होते, म्हणून जाताजाता तोंडही धुतलं आणि कपाळावर पट्टे नव्यानं ओढले. तेवढ्या वेळात मुक्ताबाई काठी टेकत गाडीपाशी आल्या. त्यांचे गुडघे वाकत नसत, कंबर वाकायची. एकेका चाकात त्यांनी भक्तिभावानं डोकावून पाहिलं.

सिद्धलिंगप्पा आले, ठोकळा सरकवत एकेक कमान बघत गेले. पुढचा उजवा, थापा जिथल्या तिथं. पुढचा डावा, जिथल्या तिथं. मागचा उजवा, थाप्याची एक कड केसाएवढी उडालेली, पण वाचला. सोमशेखर मागं हाताची घडी घालून उभा होता आणि काय व्हावं असं आपल्याला वाटतंय हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

मागच्या डाव्यातही विभूती होती. भरपूर होती. पण तिथं चौकोनी थापा नव्हता. तिथं तीन बोटांचे तीन आडवे पट्टे होते, सिद्धलिंगप्पांच्या कपाळावर होते अगदी तसेच. अजून ओले.

मुक्ताबाई शेजारीच उभ्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, “तेवढं पुसलं हुतं बाबा. देवाचं असं अर्धवट ठिवू न्हाय. डबी तिथंच हुती, मी लावलं नीट.”

हे बाकी कुणी ऐकलं नाही. बॅटरी सिद्धलिंगप्पांच्या हातात होती, आणि ती जिथं वळेल तेवढंच बाकीच्यांना दिसणार होतं. पांढरं शाबूत होतं. ‘घासला न्हाय’ म्हटलं असतं तर ठोकळा जागेवर, एसटी जागेवर, अडतीसाची एकोणचाळीस वर्षं झाली असती. आणि मग रोज ही गाडी या बाईला उतरवायला खाली बसली असती आणि रोज टायरचा एक धागा गेला असता. दिसणार नाही असा, आतल्या बाजूनं.

ते थोडा वेळ त्या तीन पट्ट्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी बॅटरी विझवली.

“मागचा डावा घासला.”

 चहावाला उगाच परत गेला.

“मापाला बोटं घातली तवा गाडी उठत हुती,” सिद्धलिंगप्पा सोमशेखरकडं बघून म्हणाले. “मला उठताना बगायचं हुतं.”

सोमशेखर पुढं आला. वाकला. बराच वेळ कमानीत बघत राहिला. त्याला वर्षभर हेच हवं होतं आणि आता ते मिळाल्यावर कुठं ठेवावं हे त्याला कळेना. तो उठला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला.

“कुठं घासलाय? मला तर दिसत नाही.”

“सोमू.”

“विभूती आहे की पूर्ण. उदयसिंह, तुम्हाला दिसतंय का?”

उदयसिंहनं पाहिलं. त्याला काय पाहायचं ते माहीत नव्हतं, पण वातावरण माहीत होतं. तो म्हणाला त्याला पण काही दिसत नाही. बॅटरीवाल्याला बोलावलं, त्यालाही दिसलं नाही. चहावाल्यानं तर जागेवरूनच सांगितलं की नाही दिसत. सगळ्यांना न दिसणारी ती खूण एकट्या सिद्धलिंगप्पांना दिसत होती, आणि ज्यांनी ती झाकली होती त्या मुक्ताबाईंना. त्यांच्या हळूहळू सगळं ध्यानात आलं. हात पदराला पुसत त्या म्हणाल्या की चूक झाली बाबा. सिद्धलिंगप्पा म्हणाले चूक कसली, तुमी लावली म्हणून तर कळलं. मी थापा लावतो, पट्टे ओढत न्हाय.

त्यांनी जुने टायर परत चढवायची तयारी सुरू केली. तेव्हा मुक्ताबाईंनी काठी आपटली. म्हणाल्या, वाटेवर गाडीचं पोट घासतंय ते बरं का? मोठे टायर राहू द्या. माझं मी बघीन.

मग एकच उपाय उरला. गाडीतल्या पडद्यावर एक बरोबरची खूण होती, ती काढली की गाडी उंचच राहते, उतरायच्या वेळी खाली बसत नाही. उदयसिंहनं ती शोधून दिली, पण दाबली नाही. त्यानं सिद्धलिंगप्पांकडं पाहिलं. सकाळपासून नऊ वेळा ज्यानं ही गाडी बसवून घेतली होती, त्या माणसानं आत वाकून एका बोटानं ती खूण काढली. स्वच्छ पडद्यावर काळा ठसा उमटला. उदयसिंहनं तो पुसला नाही.

आता मुक्ताबाईंना चढवायचं कसं. त्यांनी एक पाय उचलून पाहिला, तो पोचला नाही. मुलगा उचलून ठेवतो म्हणाला, त्यावर त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हात मागं घेतले. सिद्धलिंगप्पा ठोकळा घेऊन आले. दाराखाली नीट बसवला, हलतो का बघितला, वरचं ग्रीस फडक्यानं पुसलं.

“ह्याच्यावर पाय द्या, मावशी. ह्ये घासत न्हाय.”

मुक्ताबाई ठोकळ्यावर चढल्या, ठोकळ्यावरून गाडीत चढल्या. कुणाचा हात न धरता. आत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, तुमी बसणार कशावर? सिद्धलिंगप्पा म्हणाले उद्यापास्नं सुट्टी हाय. उदयसिंहनं ठोकळा उचलून मागं ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळून. गाडी निघाली तेव्हा उंच होती, देखणी होती, आणि टायर कुठंही घासत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सिद्धलिंगप्पा कामावर गेले नाहीत. दुकानाच्या मते ते रजेवर आहेत. सोमशेखर हजेरीच्या वहीत रोज ‘रजा’ लिहितो, आणि कुणी विचारलं तर काका येतील म्हणतो. काका वळसंगात आहेत आणि मजेत आहेत. गावात बसणारी गाडी बघितलेला माणूस ते एकटेच, त्यामुळं मारुतीच्या पारावर त्यांना रोज ती बसवून दाखवावी लागते. ते आवाजासकट दाखवतात. आधी मागून, मग पुढून, फुस्स. बसणं छान जमतं. उठताना दोघांना धरावं लागतं.

त्यावरूनच एके दिवशी त्यांना एक कल्पना सुचली आणि त्याच दुपारी त्यांनी नातीला, अकरावीतल्या काव्याला, कागद घेऊन बसवलं. गाडीच्या कंपनीचा पत्ता दोघांनाही माहीत नाही. अर्ज मात्र तयार आहे.

‘प्रति, मा. मुख्य साहेब, हवेच्या पिशव्या विभाग. विषय : गुडघ्यांत पिशव्या बसवून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा अडतीस वर्षे आपल्या व इतर सर्व कंपन्यांच्या गाड्यांसमोर खाली बसत आलेला असून, आपली गाडी त्याच्यासमोर एकूण दहा वेळा बसली आहे. उक्त दिवशी एक टायर घासला. सदर बाब दुकानास मान्य नाही, अर्जदारास मान्य आहे. तरी अर्जदाराच्या दोन्ही गुडघ्यांत आपल्याकडील हवेच्या पिशव्या, कंपनीच्याच साईझच्या, मोठ्या नकोत, बसवून देण्यात याव्यात. बसण्याची सोय न दिली तरी चालेल, ती अर्जदारास येते. फक्त उठण्याचे बटण द्यावे, ही नम्र विनंती.’